फेरूलपासून पुढचं पाणी

सकाळी सव्वासहाला पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या गटारात ओतायच्या, ही आमच्या इमारतीतली रीत. कोणी घालून दिली ते कुणालाच आठवत नाही. सुरुवातीचं पाणी गढूळ यायचं, कधी कुबट वास यायचा. पाच-सात मिनिटांनी निवळलं की हंडे-कळश्या लावायच्या. नवी सून आली, नवा भाडेकरू आला की आम्ही आठवणीने सांगायचो, "पहिलं पाणी सोडून द्यायचं बरं का." मी स्वतः सतरा वर्षं हे सांगत आले. पण त्या दोन बादल्यांत घाण येते कुठून, हे मी एकदाही विचारलं नाही.

आमची इमारत नाशिकच्या पंचवटीत, नाग चौकाच्या अलीकडच्या एका बोळात आहे. तीन मजले, आठ बिऱ्हाडं, बांधकाम १९९१ चं. बोळाला उतार आहे आणि पावसाचं पाणी वाघाडी नाल्याकडे धावतं. खाली पार्किंगमध्ये एक नळ आहे. पिण्याचं पाणी बहुतेक जण तिथे भरतात. मग मोटार लावून बाकीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. तिसऱ्या मजल्यावरचे मात्र गुडघेदुखीमुळे टाकीचंच पाणी गाळून पितात.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला कावीळ झाली. ती दहावीला होती आणि १ मार्चपासून बोर्डाची परीक्षा होती. आधी तिची भूक मेली. पोळीचा वास आला तरी तोंड फिरवायची. मग ताप आला. चौथ्या दिवशी खिडकीपाशी बसली असताना तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा मला दिसला आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. मी नाही म्हटलं नाही. पण रिक्षा करून तिला दवाखान्यातही नेलं.

रक्ताचा रिपोर्ट हिपॅटायटिस ईचा आला. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, महिना-दीड महिन्यापूर्वी ही बाहेर कुठे खायला-प्यायला गेली होती का? हा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, त्यामुळे कालची पाणीपुरी आठवून काही उपयोग नाही, असं त्यांनी समजावलं. जानेवारीत ती घर, शाळा, क्लास सोडून कुठेही गेली नव्हती, आणि शाळेतही बाटली घरचीच. "मग घरच्या पाण्याकडे बघा," ते म्हणाले. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून होते. उठता उठता त्यांनी विचारलं, "इमारतीत कोणी गरोदर आहे का?"

होती. आमच्याच वर, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना पाचवा महिना होता. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतू शकते हे मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर चपला न काढता मी आधी वर गेले. वहिनींच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना माहेरी येवल्याला पाठवलं. त्या जाईपर्यंत मी माझ्याच शेगडीवर पाणी उकळून त्यांच्याकडे देत होते. चांगली खळखळून उकळी फुटली की हे विषाणू मरतात. साध्या कँडलच्या फिल्टरमधून मात्र ते सहज पार होतात. आमच्या निम्म्या इमारतीचा भरवसा त्या कँडलवरच होता.

त्या रात्री वही घेऊन मी दारोदार फिरले. प्रत्येक घरी तीनच गोष्टी विचारल्या : घरात माणसं किती, दिवाळीपासून कावीळ किंवा फार दिवसांचा ताप कुणाला आला का, आणि पिण्याचं पाणी कुठलं. आठ घरांत एकतीस माणसं होती आणि माझी मुलगी धरून पाच जणांना कावीळ झाली होती. पाचांपैकी तिघं तिसऱ्या मजल्यावरची. प्रत्येकाने आपापला दवाखाना केला होता, आपापलं पथ्य पाळलं होतं, उसाचा रस प्यायला होता, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कावीळ म्हणजे बाहेरचं काहीतरी खाल्लं, असाच सगळ्यांचा समज. मग मी समोरच्या इमारतीत गेले. तिथेही तीच पाण्याची लाइन, तीच वेळ. पण तिथे एकही पेशंट नव्हता. त्याचा अर्थ मला लागेना. एकाच नळाचं पाणी समोरासमोरच्या दोन घरांत वेगळं कसं?

पूर्वी असं काही झालं की आम्ही नगरसेवकांच्या दारात जाऊन उभे राहायचो. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. मुलीच्या मोठ्या भावाने मोबाइलवरच्या महापालिकेच्या ई-कनेक्ट अॅपमधून तक्रार टाकली. मी शिवाय अर्ज लिहून विभागीय कार्यालयात दिला आणि सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. ते पान जोडलं हे फार बरं झालं असं मला वाटतं. "पाणी खराब येतं" असं तर सगळेच लिहितात. एकतीसमध्ये पाच, समोर शून्य, हे वाचल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच दोन कर्मचारी आले. त्यांच्याकडे काचेच्या छोट्या नळ्या होत्या आणि ओ.टी.ची, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो, जितका जास्त तितका गडद. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ग्राहकाच्या नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवं. समोरच्या इमारतीच्या नळाचं पाणी पहिल्या मिनिटालाच छान पिवळं झालं. आमच्या नळाच्या पहिल्या पाण्याला रंगच आला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा घेतलं तेव्हा फिकट पिवळी झाक दिसली. टाकीतलं पाणी तपासलं, तर ते तसंच कोरं.

त्यांच्यातले वयाने मोठे होते ते म्हणाले, "ताई, लाइनीतून पाणी चांगलं येतंय. तुमच्याकडे येताना ते क्लोरिन कशाला तरी मारण्यात खर्ची पडतंय." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. गंगापूर धरणातून उचललेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात तुरटीने निवळून, गाळून, क्लोरिन घालून इतक्या लांबून आमच्या बोळापर्यंत चांगलं येतं आणि शेवटच्या पंचवीस-तीस फुटांत त्याची माती होते.

जंतूंच्या तपासणीसाठी त्यांनी वेगळा नमुना घेतला. नळाची तोटी स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घेतली, थोडं पाणी वाहू दिलं आणि मग निर्जंतुक बाटलीचं बूच क्षणभर उघडून पाणी भरलं. त्या बाटलीत आधीच एक औषध असतं. त्याने पाण्यातलं क्लोरिन थांबतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू वाटेतच मरतील आणि रिपोर्ट खोटाच चांगला येईल. बाटली बर्फाच्या डब्यात गेली. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये असा नियम आहे. आमच्या रिपोर्टवर शेरा आला : पिण्यास अयोग्य.

आता प्रश्न असा की आमचा पाइप जातो कुठून? इमारतीच्या कागदांत नकाशा होता, पण त्यात नळाची लाइन नव्हती. बिल्डर केव्हाच वारलेले. पहिल्या मजल्यावरचे आजोबा मूळचे रहिवासी. ते काठी टेकत खाली आले आणि रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाले, मोठी लाइन त्या बाजूने आहे, आपला पाइप रस्त्याखालून आडवा आणलाय, गटार ओलांडून. म्हणूनच समोरची इमारत वाचली होती. त्यांची जोडणी त्यांच्याच बाजूच्या लाइनीवर, मध्ये गटार नाही. आमची मात्र गटाराच्या पोटातून.

आमच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण दोघांनी पहार घालून उचललं. टॉर्च आत धरला. काळ्या पाण्यातून एक गंजलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आडवा गेलेला, वर-खाली पापुद्रे सुटलेले. त्याच्यावर एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळलेली होती. कधीतरी कुणीतरी गळती थांबवली होती, झाकण लावलं होतं आणि निघून गेलं होतं. ती पट्टी पाहून माझ्या अंगावर काटा आला. आम्हीच कुणीतरी पैसे देऊन ती बांधून घेतली असणार.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे, आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पाणी आलं तसे त्या पट्टीखालून बुडबुडे येऊ लागले. आत दाब होता आणि स्वच्छ पाणी बाहेर गटारात गळत होतं. आजोबा म्हणाले, "हे तर बाहेर जातंय, आत कुठे येतंय?" लाइनीचं पाणी सोडणारे-बंद करणारे महापालिकेचे व्हॉल्व्हमन सोबत होते, ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला फक्त मोटार चालू करायला सांगितली. मी बटण दाबलं. पाच-सहा सेकंदांत बुडबुडे थांबले. चेंबरमधलं पाणी त्या पट्टीभोवती शांत झालं. नीट पाहिलं तर एक केळीच्या सालीचा तुकडा सावकाश पाइपकडे सरकत जाऊन पट्टीला चिकटला.

मोटार लाइनीतून जबरदस्तीने पाणी ओढत होती, त्यामुळे पाइपातला दाब पडत होता आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जायचं त्याच भोकातून गटार आत येत होतं. ते थेट वर टाकीत. तिसऱ्या मजल्यावर पेशंट जास्त का, ते तेव्हा कळलं. पाणी गेल्यावरही तेच व्हायचं. आमचा बोळ उताराचा, त्यामुळे पाणी बंद झालं की लाइनीत उरलेलं खालच्या बाजूला उतरतं, वरचा भाग रिकामा होतो आणि झिरपणारी घाण त्यात साचून राहते. ती दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पहिल्या दोन बादल्यांमधून यायची. म्हणजे रोज सकाळी आम्ही ओतून देत होतो ते गटारच होतं.

लाइनीला थेट मोटार लावायला मनाई आहे हे आम्हाला माहीत होतं. सगळेच लावतात म्हणून आम्हीही लावली. बटण मी दाबत होते, तेही रोज.

"मोठ्या लाइनीवर, जिथून घराचा पाइप निघतो तिथे, फेरूल बसवलेलं असतं ना," व्हॉल्व्हमन म्हणाले, "तिथपर्यंत आमचं. फेरूलपासून पुढचं तुमचं." तेहेतीस वर्षं तो पाइप आमच्या मालकीचा होता आणि तो आमचा आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये मिटिंग घेतली. नवी जोडणी, रस्ता फोडण्याचं शुल्क, खाली जमिनीत हौद, आणि मोटार लाइनीवरून काढून हौदावर. घरटी साडेबारा हजार येत होते. आधी सगळे गप्प बसले. मग एक जण म्हणाले, आम्ही वीस लिटरचा जार आणतो, आम्हाला त्रास नाही. दुसरे म्हणाले, आमच्याकडे आरओ आहे. भाडेकरूंचं म्हणणं, पाइप मालकाचा, मालकाने द्यावे. तळमजल्याचे मालक पुण्याला राहतात. ते फोनवर म्हणाले, मी तिथे पाणी पीतच नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण मी तो आवरला, कारण एक महिन्यापूर्वी माझ्या घरात कुणी आजारी नसतं तर मीही कदाचित असंच बोलले असते.

मी मुलीला खाली घेऊन आले नव्हते. ती आपणहून आली. शाल पांघरून जिन्याच्या पायरीवर बसली. तिने एवढंच विचारलं, "काका, जारच्या पाण्याने तुम्ही चूळ भरता का? टोमॅटो धुता का?" जारवाले काका तिला लहानपणापासून खांद्यावर घेऊन शाहीमार्गावर रथ दाखवायला नेणारे. ते उठले, तिच्याजवळ गेले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझे लिहून घे." त्यांच्या मागोमाग पाच घरं तयार झाली. पुण्याच्या मालकांचे पैसे आठवड्याने आले. एका भाडेकरूचे शेवटपर्यंत आले नाहीत. ते आम्ही सातांनी वाटून घेतले, कारण त्यांची परिस्थिती खरोखरच नव्हती.

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. घरपट्टीची पावती, थकबाकी नसल्याची पाणीपट्टीची पावती, परवानाधारक प्लंबरच्या सहीचा अर्ज, ओळखपत्र. नळजोडणी ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येणारी सेवा आहे, त्यामुळे अर्जाची पोच घेऊन तारीख जपून ठेवायची. मी ती देवघराच्या फळीवर ठेवली होती. घाई होती ती वेगळ्या कारणाने. प्लंबर सारखे बजावत होते की पावसाळा तोंडावर आला की रस्ता फोडायला परवानगी मिळत नाही, मग थेट दिवाळी. त्या दोन महिन्यांत घरात रोज दोन मोठी पातेली पाणी उकळत होतो, आणि गॅसचं सिलिंडर महिन्याच्या आधीच संपायला लागलं होतं.

मुलीने परीक्षा दिली. एका पेपरला तिला मध्येच पाणी पिऊन टेबलावर डोकं ठेवावं लागलं. बाकी तिच्याविषयी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहाला काम सुरू झालं. दिवसा रामकुंडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ बोळापर्यंत येते, म्हणून रात्र. प्लंबर आणि त्यांचे दोन साथीदार, आम्ही सगळे बाहेर. आजोबांना खुर्ची दिली होती. आधी जुन्या फेरूलपाशी खणून ते बंद केलं, बूच मारलं आणि जुना पाइप तिथून तोडला. हे न करता नुसती नवी जोडणी घेतली असती तर मेलेला पाइप गटारातून मोठ्या लाइनीला चिकटून राहिला असता आणि आमची घाण साऱ्या बोळाला गेली असती. मी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. प्लंबर कंटाळले नाहीत.

नवा पाइप काळा, त्याच्यावर निळी रेघ, एमडीपीई नावाच्या प्लास्टिकचा. गंजत नाही, वळतो, त्यामुळे मध्ये जोड लागत नाही. पाण्याची लाइन मैल्याच्या लाइनीपासून आडवी निदान तीन मीटर लांब असावी असं म्हणतात. आमचा बोळच तेवढ्या रुंदीचा नाही. म्हणून गटार जिथे ओलांडायचं होतं तिथे पाइप गटाराच्या वरून नेला, आणि दुसऱ्या जाड पाइपातून ओवून. उद्या बाहेरचा फुटला तरी आतला झाकलेला राहील. रात्री दोनला खड्डा बुजवला. मी घरातून चहा आणला तेव्हा जारवाले काका जुन्या पाइपचा तोडलेला तुकडा हातात घेऊन उभे होते. आतून बोटभर गाळ बसलेला. तो तुकडा त्यांनी धुऊन पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीवर ठेवला. अजून तिथेच आहे.

हौद झाला, मोटार हौदावर आली. टाकी घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवली, मग ते सगळं पाणी सोडून दिलं. मे महिन्यात नमुना पुन्हा दिला. या वेळी शेरा : पिण्यास योग्य. पहिल्या मिनिटाचं पाणी आता ओ.टी.च्या थेंबांनी पिवळं होतं. मी ती बाटली विकत आणली आहे आणि दर सोमवारी तपासते. येवल्याहून वहिनी बाळाला घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी आधी मला ती नळी दाखवायला लावली, मग बाळाला ओवाळून आत घेतलं.

गेल्या महिन्यात बोळाच्या खालच्या टोकाच्या इमारतीतली एक मुलगी आली. नवीन लग्न होऊन आलेली, वर्ष झालं असेल. "काकू, आमच्याकडे पण पहिलं पाणी सोडून द्यायला सांगतात," ती म्हणाली. मी पहार घेतली, काकांना हाक मारली. तिघांनी मिळून त्यांच्या फाटकासमोरचं झाकण उचललं. आत तीन पाइप एकमेकांवरून गेलेले होते आणि मधल्यावर कापडाची चिंधी गुंडाळलेली होती. सव्वासहा होत आले होते. पाणी आलं, चिंधीतून बुडबुडे निघाले. मी त्या मुलीला म्हटलं, "आता जा, मोटार चालू कर, आणि लगेच इथे येऊन बघ."